कांद्याच्या मुळापासून : स्वागताध्यक्षांचे भाषण



भर श्रावणात, शेतीची आणि सणावारांची गडबड चालू असताना आपण वेळ काढून आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अहिल्यानगर जिल्ह्यात मनःपूर्वक स्वागत करतो. नगरला आलेल्या पाहुण्यांना स्वागताध्यक्षाने भुईकोट किल्ला सांगायचा, १९४२ ते १९४५ या काळात तिथे कैदेत असताना पंडित नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ सांगायचा, नेवाशाचा पैस खांब सांगायचा, अशी रीत आहे. ती स्थळे पाहण्याची व्यवस्था समितीने केली आहे, तिचे पत्रक आपल्या पिशवीत मिळेल. मला मात्र आज आपल्याला आमच्या कांद्याची ओळख करून द्यायची आहे. जीवशास्त्र अध्यापकांच्या यंदाच्या अधिवेशनाचा विषय पेशीचक्र आहे. आणि पेशी कधी वाढते, कधी विभागते, कधी थांबते या प्रश्नावर आमच्या जिल्ह्यातल्या असंख्य घरांचा वर्षाचा हिशेब ठरतो.

राहुरी, पारनेर, नेवासा या भागांतून येताना आपल्याला बांधाच्या कडेला, वाऱ्याच्या दिशेने आडव्या बांधलेल्या कांदा चाळी दिसल्या असतील. उन्हाळी कांद्याची मान पडली की काढणी होते, पात वाळते, माल निवडून चाळीत भरला जातो आणि घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या बाजारात बरा भाव निघेपर्यंत शेतकरी वाट पाहतो. त्या काळात चाळीतल्या प्रत्येक कांद्यात काय चालू असते? कांद्याचा जो भाग आपण खातो तो म्हणजे पानांचे फुगलेले तळ. त्यातल्या पेशींचे विभाजन शेतात असतानाच उरकलेले असते. कांदा पोसतो तो मुख्यतः आहे त्याच पेशी पाण्याने आणि साखरेने भरून मोठ्या झाल्यामुळे. वाढ आणि विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. विभागण्याची ताकद उरते ती बुडाच्या चकतीवर, अगदी मधोमध बसलेल्या वाढीच्या टोकात. काढणीनंतर काही महिने ते टोकही जवळजवळ थांबलेले असते. पावसाळी गार हवा लागली, सुप्तावस्था संपली, की तिथल्या पेशी पुन्हा विभागू लागतात, मानेतून हिरवा कोंब डोकावतो आणि व्यापारी ढीग बाजूला काढतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पेशींनी थांबायचे सोडले, एवढेच घडलेले असते. पण शेतकऱ्याच्या पदरात पडणारा भाव त्यानेच बदलतो.

यावर एक उपाय आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात उभा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला २००२ मध्ये विकिरण केंद्र सुरू केले. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे एवढी अल्प मात्रा दिली की कांद्याला कोंब येत नाही. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो, आणि तुटलेला डीएनए घेऊन पेशी नीट विभागू शकत नाही. पण गंमत बघा, त्याच मात्रेने कांद्याचा गर मात्र बिघडत नाही. गरातल्या पेशींना पुढे विभागायचेच नसते, म्हणून तो धक्का त्या सोसतात. ज्याला विभागायचे आहे त्यालाच घाव बसतो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देणारे डॉक्टरही पुष्कळ अंशी याच गोष्टीच्या आधाराने काम करतात.

आता थोडे चक्राविषयी. पेशी पेशीपासूनच जन्मते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फिर्खो यांनी ठामपणे मांडले. १८८२ मध्ये वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पेशींमध्ये गुणसूत्रांची हालचाल बारकाईने रेखाटली. तरीही पुढची सत्तर वर्षे दोन विभाजनांमधल्या काळाला विश्रांतीचा काळच समजले जात होते. १९५३ मध्ये लंडनमध्ये ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या कोवळ्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि तो डीएनएत केव्हा शिरतो ते पाहिले. डीएनएची नक्कल विभाजनाच्या वेळी होत नव्हती, मधल्या काळभरही होत नव्हती. त्या काळातल्या एका ठरावीक टप्प्यात होत होती. तिच्या आधी एक अंतर, नंतर एक अंतर. आज आपण फळ्यावर जी-१, एस, जी-२ आणि एम असे गोल काढतो, ते या मुळांनी दाखवून दिले. माणसाच्या भराभर वाढणाऱ्या पेशीला एक फेरा पुरा करायला साधारण २४ तास लागतात आणि त्यात प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम तासभर. बाकी सगळा वेळ तयारीचा.

ही तयारी पुरी झाली की नाही, हे कोण ठरवते? लेलँड हार्टवेल यांनी पावाच्या यीस्टमध्ये, पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका यीस्टमध्ये हे ठरवणारी जनुके शोधली. टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन असे दिसले, की ते साठत जाते आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी नाहीसे होते. तेच सायक्लिन. सायक्लिनची जोडी एका विकराशी जमली की चक्र पुढे सरकते, सायक्लिन नष्ट झाले की तो टप्पा संपतो. १९८७ मध्ये नर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की यीस्टमधल्या बिघडलेल्या जनुकाच्या बदली माणसाचे जनुक दिले, तरी यीस्टची पेशी व्यवस्थित विभागते. केवढी ही नात्याची लांबी! या तिघांना २००१ चे नोबेल मिळाले. हार्टवेल यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली : वाटेवरचे तपासणी नाके. डीएनए तुटलेला असेल तर पेशी नाक्यावर थांबते, दुरुस्ती करते, दुरुस्ती जमली नाही तर स्वतःला संपवते. पी-५३ हे प्रथिन या कामातले मोठे नाव, आणि माणसाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत नेमके त्याचेच जनुक बिघडलेले आढळते. पेशीच्या वाढीइतकेच तिचे थांबणे शिकवायला हवे, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

इथे मला एका मराठी विदुषीचे स्मरण करायचे आहे. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ चा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केले, आणि त्यांचा विशेष विषय होता सीताफळाच्या कुळाचे पेशी-आनुवंशशास्त्र. आमच्या नगरच्या कोरडवाहू माळावर जे सीताफळ दिवाळीच्या आसपास टोपल्या भरभरून येते, त्याच्याच कुळाच्या गुणसूत्रांच्या अभ्यासात त्यांचे संशोधनाचे शिक्षण झाले. पुढे मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाकडे वळल्या, अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊती संवर्धन शिकून आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊती संवर्धन संशोधन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी विभागताना पाहता येणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, याचा विचार करा. संप्रेरके, विषाणू आणि कर्करोगाची प्रवणता यांचा संबंध त्यांनी उंदरांवर तपासला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. आणि एवढे करून ही बाई आपल्या नगर जिल्ह्यात आली, आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करायला आणि गावातल्या बायकांशी आरोग्याविषयी बोलायला. वाढत्या मुलाच्या शरीरात पेशी विभागायला तयार असतात, पण त्यासाठी लागणारा माल अन्नातून यावा लागतो. प्रयोगशाळेतून थेट त्या मुलांच्या ताटापर्यंत जाणारे शास्त्रज्ञ किती असतात? एप्रिल २००१ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पेशीचक्राला नोबेल जाहीर झाले. जिल्ह्यातल्या किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न मी इथल्या प्रत्येक शाळेला विचारू इच्छितो.

परवा आपल्यापैकी काही जण अकोले तालुक्यातल्या डोंगरात जाणार आहेत. तिथे या दिवसांत कुंपणांवर कळलावी फुललेली असते, तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची. तिला हात लावू नका आणि मुलांना लावू देऊ नका. तिचा कंद जिवावर बेतणारा विषारी आहे. त्या विषातले मुख्य द्रव्य म्हणजे कोल्चिसीन. ते तर्कुतंतू बनूच देत नाही, त्यामुळे गुणसूत्रे मध्यावस्थेत अडकून पडतात. १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी कोल्चिसीनच्याच मदतीने पेशी अशा अडकवून माणसाची गुणसूत्रे नीट मोजली आणि ती ४८ नसून ४६ आहेत हे जगाला कळले. तुमच्या-आमच्या अंगणातली सदाफुलीही त्याच तंतूंवर घाव घालते; तिच्यातून मिळणाऱ्या विनक्रिस्टिनने रक्ताचा कर्करोग झालेल्या कितीतरी मुलांना आयुष्य मिळाले. सह्याद्रीतल्या नरक्याच्या लाकडातले कॅम्प्टोथेसिन डीएनएची नक्कल चालू असतानाच पेशीला गाठते. औषधासाठी हे झाड बेसुमार तोडले गेले, ही दुःखाची बाब आहे.

ऊस सांगितल्याशिवाय नगरचे भाषण पुरे होत नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले, हा इतिहास आपण जाणता. पेशीच्या बाजूने त्याकडे असे बघा : ऊस आपण डोळ्याच्या टिपरीने लावतो. म्हणजे को ८६०३२ या वाणाचे जेवढे म्हणून रान उभे आहे, ते सगळे मुळात एका रोपाचे सूत्री विभाजन आहे, पिढ्यान्पिढ्या चाललेले. आणि आजच्या उसाच्या एका पेशीत शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात. प्रत्येक विभाजनात ती सगळी दोन्हीकडे बिनचूक वाटली जातात.

आता माझी विनंती. दहावीच्या पुस्तकात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशा आकृत्या ओळीने, सारख्याच आकारात असतात. मुलांचा समज होतो की पेशी प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ घालवते. खरी काचपट्टी हा समज एका दृष्टिक्षेपात दूर करते. बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवून बूड पाण्याला टेकवले की तीन-चार दिवसांत पांढरी मुळे सुटतात. सकाळी त्यांची टोके कापायची, ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवायची, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून मऊ करायची, ॲसिटोकार्माइनने रंगवायची. टोकाचा फक्त मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा गडद तुकडा घ्यायचा. त्याच्या मागच्या लांबट पेशींनी विभाजन सोडलेले असते. वर काच ठेवून सुईच्या दांड्याने हलकेच ठोकायचे आणि टिपकागदावरून अंगठ्याने सरळ दाबायचे. काच सरकली की सगळे गेले. मग भिंगाखाली चौकोनी पेशींचा पट उलगडतो. त्यांतल्या बहुतेक पेशींत केंद्रक गोल, शांत. मध्येच एखादीत गुणसूत्रांचा गुंता, क्वचित एखादीत दोन बाजूंना ओढली जाणारी दोन झुपकी. मुलांना मोजायला लावा. ज्या अवस्थेच्या पेशी कमी सापडतात, ती अवस्था लवकर उरकते, हे त्यांचे त्यांनाच उमगते. कांद्याची गुणसूत्रे अवघी सोळा, पण त्याच्या पेशीतला डीएनए आपल्या पेशीतल्यापेक्षा सुमारे पाचपट, म्हणून ती एवढी ठसठशीत दिसतात. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. महागड्या साधनांची वाट बघत मुलांचे वर्ष वाया घालवू नका. ज्या जिल्ह्यात कांदा घराच्या पडवीत पडलेला असतो, तिथला विद्यार्थी विभागणारी पेशी न बघता दहावी पार करतो, हे मला सहन होत नाही.

म्हणून समितीने एक व्यवस्था केली आहे. उद्या सकाळी आठ वाजता महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत प्रत्येक अध्यापकाला स्वतःची काचपट्टी करता येईल. कांदे राहुरी तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चाळीतून आणून दिले आहेत आणि ते विकिरण केलेले नाहीत. विकिरण केलेल्या कांद्याची मुळे या कामाला येत नाहीत, हे गावी परतल्यावर बाजारातून कांदा घेताना ध्यानात असू द्या. आज सकाळी कापलेली मुळे द्रावणात ठेवलेली आहेत. रंगद्रव्याची एक-एक कुपी आणि कृतीचा कागद आपल्या शाळेसाठी सोबत न्यायचा आहे. जिल्ह्यातल्या ज्या विद्यार्थ्यांना यायचे असेल त्यांना दुपारी दोननंतर प्रवेश आहे, नावनोंदणी दाराशी होईल.

आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करून मी उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.