वारसा आणि विकास : मुंबईच्या फोर्ट विभागाचा धडा



मुंबईच्या फोर्ट विभागाला नाव मिळाले ते किल्ल्यावरून; परंतु त्या किल्ल्याची तटबंदी आज जवळजवळ कोठेच दिसत नाही. वाढत्या व्यापाराला जागा हवी म्हणून गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, ती पाडण्यात आली. मोकळ्या झालेल्या भूमीवर उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा उभे राहिले. पुढे १९३० च्या सुमारास समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस आर्ट डेको शैलीची घरे झाली. या दोन्ही रांगांना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. आजचा वारसा हा कालचा विकासच होय, हे येथे स्पष्ट दिसते.

तथापि, त्या काळच्या विकासाला शिस्त होती. इमारतींची उंची एकमेकींशी जुळती राहिली आणि मधले मैदान मोकळे राहिले. जतन करावयाचे ते केवळ दगडविटांचे नव्हे, तर या प्रमाणबद्धतेचे. हे ओळखूनच १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. तिने इमारतींची तीन श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीत बदलास जवळजवळ मज्जाव आहे, तर तिसऱ्या श्रेणीत पुष्कळशी मोकळीक आहे. प्रत्येक वास्तूला एकच माप न लावणारी ही व्यवस्था व्यवहार्य आहे.

खरी अडचण आहे ती पैशाची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण त्या भाड्यातून छपराची कौलेही बदलणे मालकाला परवडेनासे झाले. दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळ स्थापन करून उपकर बसविण्यात आला; परंतु इमारती फार आणि निधी तुटपुंजा. याउलट, जुनी इमारत पाडून नवी बांधल्यास वाढीव चटई क्षेत्र मिळते. साहजिकच मोडकळीस आलेली वास्तू सांभाळण्यापेक्षा ती पडण्याची वाट पाहणे फायद्याचे ठरते.

काळा घोड्याजवळील वॉटसन हॉटेलची इमारत याची साक्ष देते. इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभारलेल्या या वास्तूत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलत्चित्रपट दाखविले गेले. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. वास्तू धोक्यात आली आणि तेथील माणसांचे बिऱ्हाडही उठले.

म्हणून समतोलाचा विचार भाडेकरूपासून सुरू झाला पाहिजे. वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेले बांधकामाचे हक्क अन्यत्र हस्तांतरित करण्याची तरतूद नियमांत आहे. त्या हक्कांतून येणारा पैसा त्याच वास्तूच्या दुरुस्तीला बांधून ठेवला, तर छप्पर वाचेल आणि छपराखालचा संसारही वाचेल. पडलेली भिंत पुन्हा बांधता येते. विखुरलेला शेजार मात्र कोणत्याही नियमावलीने परत आणता येत नाही. नव्या इमारतींनी जुन्या रस्त्याची उंची आणि रेषा राखावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. फोर्ट घडविणाऱ्यांनी ती पाळली होती.