रुमालावरचे दोन थेंब
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझी झोपच उडाली. रात्री तीनला छाती धडधडायची, सकाळी लॅपटॉप उघडवत नसे. बायकोने लव्हेंडर तेलाचे दोन थेंब टाकून रुमाल उशाशी ठेवला. मी हसलो; पण श्वास जरा संथ झाला, हे खरं.

मग इंजिनिअरच्या सवयीने कारण शोधलं. इतर संवेदना मेंदूत थॅलॅमसमार्गे पुढे जातात. वास मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांत थेट पोचतो. म्हणून तर उटण्याच्या वासाने क्षणात आजीची न्हाणी आठवते! 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ केला फ्रेंच रसायनतज्ज्ञ गॅटफॉसे यांनी. त्यांचं पुस्तक १९३७ चं.

पण एक सांगतो. हे तेल पोटात घेऊ नका, अंगाला लावायचं तर खोबरेलात पातळ करा. आणि सुगंध म्हणजे उपचार नव्हे. माझं नैराश्य उतरलं ते डॉक्टर, गोळ्या आणि समुपदेशनाने. रुमालाने डॉक्टरांना फोन करण्यापुरता धीर दिला, एवढंच.

इथे अमेरिकेत २०२२ पासून ९८८ वर चोवीस तास कुणीतरी ऐकायला असतं. मी उशीर केला. तुम्ही करू नका.