सोमवारी दुखणारं पोट

पहिली-दुसरीतलं मूल 'मला वर्गात त्रास देतात' असं सहसा सांगत नाही. ते म्हणतं, पोट दुखतंय. रविवारी हुंदडणाऱ्या मुलाचं पोट सोमवारी दप्तर भरताना दुखू लागलं, किंवा डबा रिकामा येऊनही ते भुकेनं कासावीस झालेलं दिसलं, की चौकशीची वेळ आली म्हणून समजा.

'कोण त्रास देतं, सांग!' असं दरडावलं तर ते आणखी मिटतं. 'आज डबा कुणाशेजारी बसून खाल्लास?' असं विचारा, हळूहळू बोलेल. आणि कृपा करून 'तूही दोन ठेवून दे' असं सांगू नका. बुजऱ्या मुलाला ते पेलत नाही. वर आईबाबांनी सांगितलेलंही जमलं नाही, ही खंत उरते. त्यापेक्षा घरी सराव करून घ्या: ताठ उभं राहायचं, मोठ्यानं 'थांब, मला आवडत नाही' म्हणायचं आणि तडक बाईंकडे जायचं. बाईंना सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या 'किवा' या शाळेतला असा त्रास रोखण्याच्या उपक्रमाचा भर बघ्या मुलांवर आहे. आजूबाजूचे हसले नाहीत, की चिडवणाऱ्याचा जोर ओसरतो. म्हणून ज्याला कुणी त्रास देत नाही, त्या मुलालाही शिकवा, एकट्या पडलेल्याला 'चल, खेळायला' म्हणायला.

शाळेत दाद लागली नाही, तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं.