पोकळ छत आणि पाळणा

बारसें आठ दिवसांवर आलेलें असतें. माळ्यावरचा शिसवी पाळणा खालीं येतो, पितळी सांखळ्या चिंचेनें घांसून लख्ख होतात, आणि घरांतील आजोबा वर पाहून विचारतात, "कडी कोठें आहे?" वाड्याच्या तुळईला कडी असे. मुंबई-पुण्याच्या आजच्या फ्लॅटांत मात्र वर दिसतें तें गुळगुळीत, पांढरें, दिव्यांनीं नटलेलें छत. सुतार म्हणतो, "हूक मारून देतों, साहेब. दोन मिनिटांचें काम." या दोन मिनिटांच्या कामाविषयींच आज थोडें सांगावयाचें आहे.

जें छत म्हणून दिसतें तें छत नव्हे, तो जिप्समच्या तक्त्यांचा पडदा असतो. अमेरिकेंतील ऑगस्टीन सॅकेट यानें १८९४ सालीं अशा तक्त्याचें पेटंट घेतलें. तिकडे घरांच्या भिंतीच यानें मढवितात. आपल्याकडे कचेऱ्यांच्या आडभिंती आणि घरांचीं खोटीं छतें त्याचीं होऊं लागलीं आहेत. जिप्सम इतकें मऊ कीं नखानें ओरखडा उठावा. त्याच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा बांधलेल्या पाण्याचा असतो, म्हणून आगीला तें कांहीं काळ तोंड देतें, आणि या गुणाचें कौतुकच केलें पाहिजे. परंतु तक्त्याची बळकटी बरीचशी त्याच्या दोन्ही अंगांच्या कागदांत असते. ओझें वाहणें हें त्याचें काम नव्हे.

विटेच्या भिंतींत ठोकलेला प्लग फुगून चोहोंकडून विटेला दाबतो व स्क्रू धरून ठेवतो. येथें साडेबारा मिलिमीटर तक्त्यामागें नुसती पोकळी, दाबावें कोणाला? आडभिंतीवर घड्याळ किंवा हलकी तसबीर टॉगल बोल्टावर निभावते, कारण त्याचे पंख पलीकडे उघडून तक्त्याला मागून अडकतात. आरसा, टीव्ही वा पुस्तकांची फळी यांचे स्क्रू मात्र आंतल्या उभ्या खांबांतच गेले पाहिजेत. ते सांपडविण्यास लहानसें लोहचुंबक पुरे. भिंतीवरून तें फिरवितां जेथें चिकटतें तेथें स्क्रूचें डोकें, आणि अशा डोक्यांच्या उभ्या रांगेमागें खांब. फळीची गोष्ट तर विशेषच अवघड. भार भिंतीपासून सहा इंचांवर आणि ब्रॅकेटची उंची तीनच इंच असेल, तर वरचा स्क्रू भाराच्या दुप्पट जोरानें बाहेर ओढला जातो. पुस्तकें जड असतात हें घरांतील वाचणाऱ्याला आठवत नाहीं!

आतां छत. साडेबारा मिलिमीटरच्या एका चौरस मीटर तक्त्याचेंच वजन आठ-नऊ किलो. तो पातळ पत्र्याच्या पट्ट्यांना स्क्रूनें लटकलेला आणि त्या पट्ट्या वर स्लॅबला टांगलेल्या. हा सांगाडा स्वतःचा भार उचलतो, याहून अधिक त्याच्याकडून मागूं नये. त्यांत पाळणा हलणारा. झोका उभ्या रेषेपासून साठ अंशांवर नेला, तर खालून जातांना सांखळीवरचा ताण स्थिर वजनाच्या दुप्पट होतो. तान्ह्या बाळाला एवढा झोका कोणी देत नाहीं हें खरें, पण तीस अंशांनाही तो सव्वापट होतो, आणि एका दुपारींच असा ताण शेंकडों वेळां येतो. जिप्सममधला हूक पहिल्या दिवशीं तुटत नाहीं. भोंक हळूहळू मोठें होतें, भुकटी गळते, आणि बाळ निजलेलें असतांना तो सुटतो. पंख्याचेंही तेंच, थरथर त्याचें भोंक पोखरते.

म्हणून कडी खोट्या छताला नव्हे, वरच्या स्लॅबला अँकर फास्टनरनें बसवावी, आणि खालच्या तक्त्याला सांखळी मोकळी हलेल एवढी फट कापावी. फट दिसते हें खरें. ती दिसूं द्यावी. लांब सळई खालीं आणून तिच्या टोकाला पाळणा अडकविणें बरें नव्हे, कारण झोक्यागणिक ती आट्यांपाशीं वांकते. स्लॅबमध्यें विजेच्या नळ्या असतात, त्यांची जागा ठाऊक झाल्यावांचून ड्रिल लावूं नये. भाड्याच्या घरांत मालक नको म्हणाला, तर पाळणा लोखंडी घोडीवर टांगावा. बारशाला जमलेल्या बायका नांव ठेवतील तें बाळाला, घोडीला नव्हे.

कडी बसली कीं पाळण्यांत आधीं वीस किलो तांदळाचें पोतें निजवावें, दोन दिवस येतां-जातां त्याला झोके द्यावे, आणि मग दिवा लावून फटींतून कडीकडे नीट पाहावें.