खाडीकाठच्या शाळेतील समुद्रपाठ



पनवेल तालुक्यातील मुलास समुद्र शिकवावयाचा तर नकाशावरील अरबी समुद्रापासूनच प्रारंभ केला पाहिजे असे नाही. गाढी नदी ज्या पनवेल खाडीस मिळते, तेथे समुद्र दिवसातून साधारणपणे दोनदा आपण होऊन येतो व दोनदा परत जातो. पाठाचा आरंभ तेथूनच व्हावा.

उधाण आणि भांग हे शब्द कोळ्या-आगऱ्यांच्या मुलांच्या कानांवर शाळेत येण्यापूर्वीच पडलेले असतात. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास स्थूलमानाने निघतो, ही रीतही किनाऱ्यावर जुनीच आहे : चतुर्थीस 3, अष्टमीस 6. शिक्षकाने ती फळ्यावर मांडावी आणि मुलांनी 15 दिवस तिथी व भरतीची वेळ वहीत टिपून ती पडताळून पाहावी. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, हे त्यांना स्वतःच्याच वहीत दिसेल. मग चंद्राची गती आणि चंद्रसूर्यांचे आकर्षण यांचा पाठ त्यांस परका वाटणार नाही.

ओहोटीच्या वेळी काठावरूनच तिवरे दाखवावीत. मुलांस चिखलात उतरू देऊ नये. चिखलात प्राणवायू फारसा नसतो, म्हणून तिवराची श्वसनमुळे वर डोके काढतात. खारफुटीच्या या आश्रयाने कोळंबीची व कित्येक माशांची पिले वाढतात. तिवरे तुटली तर त्यांचा आसरा जातो आणि त्याचा परिणाम पुढे जाळ्यातही दिसतो.

पाठाचा खरा कठीण भाग येथून पुढे आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. ठाणे खाडीचा काही भाग 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि 2022 साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हे सांगताच एखादे मूल विचारील, "मग आमच्या बाबांनी जाळे कोठे टाकावे?" हा प्रश्न उद्धटपणाचा मानून दडपू नये. मालवणच्या मच्छीमारांनीही पोटापाण्याच्या काळजीनेच अभयारण्यास विरोध केला होता.

अशा वेळी नारळी पौर्णिमेचे उदाहरण उपयोगी पडते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास लावून ठेवण्याची चाल जुनी आहे. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना शासनाचीही बंदी असते. पुष्कळ माशांचा हा प्रजननाचा काळ होय. जी विश्रांती येथे काळास दिली जाते, तीच अभयारण्यात जागेस दिली जाते. परंतु काळाची बंदी उठते, जागेची सहसा उठत नाही. म्हणून तिचा भार कोणावर पडतो, हेही मुलांस प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

निकाल शिक्षकाने देऊ नये. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस पूर्वीच्या व आजच्या मासळीविषयी विचारावे, ऐकलेले वहीत लिहावे आणि वर्गात वाचून दाखवावे. त्या वहीत भरतीच्या वेळांशेजारी आजोबांचे अनुभवही आले, म्हणजे समुद्राचा पाठ पुरा झाला असे समजावे.