आडोसा आणि आसरा



३ मे १९९९ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टोर्नेडो, म्हणजे प्रचंड विध्वंसक वावटळ, आली. वाटेत सापडलेले कित्येक प्रवासी मोटारी सोडून रस्त्यावरील पुलांखाली शिरले. परंतु पुलाखालच्या अरुंद जागेत वाऱ्याचा जोर वाढतो व उडालेले पत्रे, लाकडे तेथूनच वेगाने जातात. अशा तीन पुलांखाली माणसे दगावली. पक्की इमारत जवळ असल्यास तळमजल्यावरील बिनखिडकीची आतली खोली गाठावी. नसल्यास सखल जागी पालथे पडून हातांनी डोके झाकावे, हाच तेथील बोध होय.

महाराष्ट्रात असा प्रसंग विरळा. परंतु वळवाच्या पावसात शाळेतून परतणारे मूल असेच झाडाखाली धावते, आणि वीज बहुधा उंच झाडावरच पडते. तेथे आडोसा मिळतो, आसरा नव्हे. विजेच्या वेळी उघड्यावर आडवे पडणेही घातकच. म्हणून ढग गडगडू लागताच शिक्षकांनी मुलांना पक्क्या इमारतीत थांबवावे. अखेरच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावाचून घरी सोडू नये. वाटेवरील पक्की घरे कोणती, हेही मुलांना आधीच दाखवून ठेवावे.