गाण्याचा आंकडा आणि गाण्याचा कस

कपाटांत जपून ठेवलेल्या सीडी संगणकांत उतरवून घेतांना एक गोष्ट अनेकांना बुचकळ्यांत टाकते. एकाच सीडीवरील एका गाण्यापुढें बिट-रेट, म्हणजे दर सेकंदाच्या ध्वनीसाठीं खर्च झालेले बिट, १८७ किलोबिट दिसतो, तर दुसऱ्यापुढें २३१. यंत्रानें कांहींतरी गफलत केली असावी, असा संशय मग येतो. त्याचें निराकरण आज करावयाचें आहे.

१९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीवर ध्वनीचें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां, दोन्ही वाहिन्यांवर, प्रत्येक वेळीं १६ बिटांत नोंदलेलें असतें. गुणाकार केला म्हणजे सेकंदास सुमारें १,४११ किलोबिट भरतात. गाणें कोणतेंहि असो, हा आंकडा ढळत नाहीं. एमपी-थ्रीसारख्या पद्धती मात्र कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून हा भार हलका करतात. त्यांत स्थिर दर निवडला, तर सर्व गाण्यांस सारखेच बिट मिळतात. चल दर निवडला, तर पंगतींतील जाणता वाढपी जसा ज्याची त्याची भूक पाहून वाढतो, तसे ते वांटले जातात. दिसणारा आंकडा ही त्यांची सरासरी असते. तेव्हां असा फरक हा दोष नव्हे.

फ्लॅक पद्धतींत तर कांहींच गाळलें जात नाहीं, तरीहि आंकडे बदलतात. शिवाय मोठा आंकडा म्हणजे सरस गाणें, असेंहि नाहीं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या जुन्या गवयांच्या तबकड्यांवरून केलेल्या सीडींत सुईची खरखर उरली असेल, तर तीहि बिट खाते; कारण ज्या आवाजाला क्रम नाहीं, तो थोडक्यांत लिहितां येत नाहीं.

खरी चूक निराळी असते. एका सीडीचीं सर्व गाणीं १२८ वर आणि दुसरीचीं सर्व २५६ वर असतील, तर मध्यंतरीं संगणकांतील सेटिंग बदललें असण्याचा संभव फार. अशा वेळीं १२८ च्या फाइलीचें रूपांतर २५६ मध्यें करूं नये. गाळलेला ध्वनि परत येत नाहीं. फाइल तेवढी फुगते. मूळ सीडीच पुन्हा उतरवावी, आणि जागा असेल तर फ्लॅकमध्यें.

म्हणून गाणीं संगणकांत आलीं, आतां सीडी रद्दींत द्याव्या, अशी घाई कोणीं करूं नये. आधीं सेटिंग तपासावें, गाणीं निवांतपणें ऐकावीं, आणि सीडी कपाटांत जागच्या जागीं ठेवाव्या. त्या असेपर्यंत प्रत्येक चूक दुरुस्त करतां येते.